विद्यापीठात तुमचे म्हणणे कोण मांडते? नव्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी

एम.ए. किंवा एम.एस्सी.ला असेपर्यंत विद्यार्थ्याला वर्ग असतो, वर्गप्रतिनिधी असतो, वेळापत्रक असते, आणि काही बिनसले तर चाळीस जण मिळून विभागप्रमुखांच्या दारात उभे राहू शकतात. पीएच.डी.ची नोंदणी झाली की हे सारे एका दिवसात संपते. सहामाही प्रगती अहवाल, अधिछात्रवृत्तीची (फेलोशिपची) मासिक हजेरी, परिषदेला जाण्याची परवानगी, वसतिगृहाची मुदतवाढ आणि पुष्कळ ठिकाणी साधे बोनाफाइडसुद्धा एकाच व्यक्तीच्या, म्हणजे मार्गदर्शकाच्या, सहीवाचून पुढे सरकत नाही. मार्गदर्शक समंजस असेल तोवर ही व्यवस्था जाणवतही नाही. ती जाणवू लागते तेव्हा बहुतेकांना दुसरे कोणतेच दार माहीत नसते. महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांत नव्याने दाखल झालेल्या संशोधक विद्यार्थ्यांना ती दुसरी दारे वेळ येण्याआधीच ठाऊक असावीत, म्हणून ही माहिती क्रमाने देत आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही तिचा बराचसा भाग लागू पडतो.

पहिली पायरी: फाइल आणि पोच

पहिल्याच महिन्यात स्वतःची एक फाइल करावी. तीत प्रवेशपत्र, नोंदणीपत्र, शुल्काच्या पावत्या, मार्गदर्शक नेमल्याचे पत्र, अधिछात्रवृत्तीचे मंजुरीपत्र आणि वसतिगृहाचे प्रवेशपत्र ठेवावे. प्रवेशाची तारीख विशेष जपावी, कारण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या पीएच.डी. विनियमांनुसार किमान तीन आणि कमाल सहा वर्षांची मुदत तिथूनच मोजली जाते. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात. महिलांना आणि 40 टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर अजून दोन वर्षांची सवलत आहे. महिलांना संपूर्ण कालावधीत मिळून 240 दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा घेता येते, आणि ही गोष्ट विभागातून आपण होऊन सांगितली जाईल याची खात्री नसते.

दुसरी सवय पोच घेण्याची. विद्यापीठात कोणताही अर्ज दोन प्रतींत न्यावा, आवक-जावक विभागात द्यावा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेऊनच बाहेर पडावे. नोंदणीनंतरच्या पहिल्या वर्षी मी घरभाडे भत्त्याचा अर्ज घेऊन एका कार्यालयात गेलो, तेव्हा समोरच्या लिपिकाने अतिशय आपुलकीने “ठेवून जा, साहेब आले की देतो” असे सांगितले आणि मीही तितक्याच विश्वासाने तो टेबलावर ठेवला. दोन महिन्यांनी त्याच टेबलापाशी मला ऐकावे लागले की असा अर्ज आलेलाच नाही. लिपिक खोटे बोलत होता असे मला आजही वाटत नाही; फाइलींच्या ढिगात कागद खरोखरच गेला असणार. पण माझ्याकडे पोच नसल्यामुळे ते दोन महिने हिशेबातच धरले गेले नाहीत. ईमेल करायचा असेल तर तो कार्यालयाच्या अधिकृत पत्त्यावर, विद्यापीठाने दिलेल्या खात्यावरून करावा. व्हॉट्सअ‍ॅपवरचे “सर, जरा बघता का” हे काही निवेदन नव्हे.

दुसरी पायरी: विद्यार्थी परिषद आणि तिची मर्यादा

प्रतिनिधित्व म्हटले की निवडणूक आठवते. महाराष्ट्रात मात्र 1994 च्या विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुका बाजूला सारून गुणवत्तेवर नेमणूक करण्याची पद्धत आणली. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, 2016 च्या कलम 99 ने विद्यार्थी परिषदांची रचना पुन्हा मांडून थेट निवडणुकीची वाट कागदावर उघडली. 2019 मध्ये त्या निवडणुकांची घोषणाही झाली, पण विधानसभा निवडणुकीमुळे त्या पुढे ढकलण्यात आल्या. त्यामुळे तुमच्या विद्यापीठात परिषद आज प्रत्यक्षात आहे का, आणि असल्यास ती निवडून आलेली आहे की नेमलेली, हे विद्यार्थी विकास मंडळाच्या कार्यालयात जाऊन एकदा विचारून घ्यावे.

परिषद असली तरी संशोधक विद्यार्थ्याला तिच्यात जागा मिळणे अवघड असते. विद्यार्थी निवडणुकांविषयीच्या, सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये लागू केलेल्या लिंगडोह समितीच्या शिफारशींत संशोधक उमेदवारासाठी कमाल वयाची मर्यादा 28 वर्षे ठेवली आहे. आपल्याकडे नेट-सेट होऊन, दोन-चार वर्षे तासिका तत्त्वावर शिकवून, मग पीएच.डी.ला येणारे कितीतरी जण प्रवेशाच्या दिवशीच ही मर्यादा ओलांडून बसलेले असतात. शिवाय परिषदेचा बहुतेक वेळ युवक महोत्सव, क्रीडास्पर्धा आणि पदवी महाविद्यालयांच्या प्रश्नांत जातो, आणि तेथील विद्यार्थिसंख्या पाहता ते अस्वाभाविकही नाही. म्हणून केवळ परिषदेवर विसंबून राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक वेगळी वाट फारसे कोणी वापरत नाही. विद्यापीठाच्या अधिसभेत (सिनेटमध्ये) नोंदणीकृत पदवीधरांतून निवडून आलेले दहा सदस्य असतात. ज्या विद्यापीठाची पदवी तुमच्याकडे आहे तेथे विहित अटी पूर्ण करून पदवीधर मतदार म्हणून नाव नोंदवता येते, आणि विद्यार्थी म्हणून ज्याला मत नाही त्याला पदवीधर म्हणून ते मिळते. अधिसभेचे सदस्य बैठकीत प्रश्न विचारू शकतात, आणि विचारलेल्या प्रश्नाला प्रशासनाला लेखी उत्तर तयार करावे लागते. अधिछात्रवृत्तीचा विलंब किंवा वसतिगृहाची टंचाई यांविषयी कागदपत्रांसह माहिती नेऊन दिली, तर असा प्रश्न मांडायला सदस्य सहसा तयार असतात, कारण त्यांनाही नेमकी माहिती हवीच असते.

तिसरी पायरी: खुर्ची कुठे आहे ते पाहणे

अंतर्गत समितीमध्ये संशोधक विद्यार्थ्यांसाठी हक्काची जागा आहे. लैंगिक छळाच्या तक्रारी पाहणाऱ्या या समितीत, प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तेव्हा, पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन या तीन स्तरांवरचे तीन विद्यार्थी असावेत, आणि ते पारदर्शक लोकशाही पद्धतीने निवडलेले असावेत, असे आयोगाचे 2015 चे विनियम सांगतात. प्रत्यक्षात ही नावे अनेकदा विभागप्रमुखांना फोन करून मागवली जातात. तुमच्या विद्यापीठातील संशोधन स्तरावरचा सदस्य कोण आहे आणि त्याची निवड कशी झाली, एवढा एक लेखी प्रश्न विचारला तरी पुष्कळ गोष्टी हलतात.

विद्यार्थी तक्रार निवारण समितीचे स्वरूप वेगळे आहे. आयोगाच्या 2023 च्या विनियमांप्रमाणे तिचे अध्यक्ष एक प्राध्यापक असतात, चार ज्येष्ठ शिक्षक सदस्य असतात आणि विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी विशेष निमंत्रित म्हणून बसतो. तो निवडून येत नाही. अभ्यास, खेळ किंवा सहशालेय कामगिरी पाहून त्याला नेमले जाते आणि त्याची मुदत एक वर्षाची असते. समितीत किमान एक महिला आणि किमान एक सदस्य अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातील असणे आवश्यक आहे. निमंत्रिताची गणपूर्तीत गणना होत नाही, म्हणजे तो नसला तरी बैठक होते. तरीही त्याला गाठून ठेवावे. समितीसमोर विषय कोणत्या शब्दांत गेला, हे बाहेर त्याच्याइतके कोणाला ठाऊक नसते.

वसतिगृह आणि खानावळ समितीत शिरणे सर्वांत सोपे असते आणि तिचा उपयोग रोजचा असतो. जेवणाचा दर, पाण्याची वेळ, रात्रीची प्रवेशवेळ आणि जागा न मिळाल्यामुळे मित्राच्या खोलीत राहणाऱ्या, ज्यांना वसतिगृहातली मुले ‘पॅरासाइट’ म्हणतात, त्या विद्यार्थ्यांचा प्रश्न या सगळ्याचा निर्णय तिथेच होतो. ‘पॅरासाइट’ मंडळींची थट्टा बरीच होते. पण वसतिगृहातील जागा कमी का पडतात, हे विचारायला त्यांच्याइतका मोठा पुरावा दुसरा नाही.

चौथी पायरी: आपला गट बांधणे

विभागातले संशोधक विद्यार्थी सहा असोत की साठ, महिन्यातून एकदा सर्वांनी एकत्र बसावे आणि दोन प्रतिनिधी ठरवावेत, त्यांपैकी एक तरी महिला असावी. प्रतिनिधी निवडताना वक्तृत्वापेक्षा एक साधी गोष्ट पाहावी: त्याची स्वतःची कोणती फाइल सध्या अडकली आहे का? प्रबंध सादर करण्याच्या उंबरठ्यावर असलेला विद्यार्थी कितीही धीट असला तरी त्याच्यावर जबाबदारी टाकू नये, कारण त्याला पुढच्या तीन महिन्यांत याच कार्यालयांतून डझनभर सह्या हव्या असतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी या कामाला बरा. पत्र मात्र प्रतिनिधीच्या एकट्याच्या सहीने कधीही जाऊ नये. ते सर्वांच्या सह्यांनी जावे, आणि सह्या शक्यतो आद्याक्षरांनुसार कराव्यात, म्हणजे पहिली सही कोणाची, यावरून कोणी पुढारी ठरत नाही.

असे गट काय करू शकतात, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीसाठी पात्र ठरलेल्या संशोधकांनी नोंदणीच्या तारखेपासून सरसकट लाभ मिळावा, या मागणीसाठी पुण्यात आणि मुंबईच्या आझाद मैदानावर दीर्घ आंदोलने केली. त्यांना कोणत्याही परिषदेत स्थान नव्हते. एकाच वर्षी निवड झालेली तुकडी एवढेच त्यांना बांधणारे सूत्र होते, आणि प्रत्येकाकडे नोंदणीची तारीख लिहिलेला कागद होता.

पाचवी पायरी: पैसा कुठे अडतो

आयोगाची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती 1 जानेवारी 2023 पासून पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये आणि त्यानंतर, मूल्यमापन होऊन वरिष्ठ श्रेणी मिळाल्यावर, 42,000 रुपये आहे. वसतिगृह न मिळालेल्यांना घरभाडे भत्ता आणि सर्वांना आकस्मिक खर्चाचे अनुदान वेगळे मिळते. ही रक्कम थेट तुमच्या खात्यात येते, म्हणून विद्यापीठाचा तिच्याशी संबंध नाही असा नवख्यांचा समज होतो. तो चुकीचा आहे. दरमहा संस्थेतील ‘मेकर’ नावाची भूमिका दिलेला कर्मचारी अधिछात्रवृत्तीच्या पोर्टलवर तुमची पुष्टी भरतो आणि ‘चेकर’ असलेला अधिकारी तिला मान्यता देतो. यांपैकी एक दुवा निसटला तर त्या महिन्याचे पैसे येत नाहीत.

माझ्या माहितीतल्या एका विद्यापीठात चेकर अधिकारी दीर्घ रजेवर गेले आणि अकरा संशोधकांचे तीन महिन्यांचे पैसे थांबले. त्या तीन महिन्यांत प्रत्येक जण आपापल्या मार्गदर्शकाला विचारत होता, मार्गदर्शक लेखा विभागाला फोन करत होते आणि लेखा विभाग “दिल्लीहूनच आले नाहीत” असे सांगत होता. शेवटी एका विद्यार्थिनीने पोर्टलवरची स्थिती छापून घेतली, तेव्हा तिन्ही महिन्यांसमोर ‘चेकरकडे प्रलंबित’ असे दिसले. त्यानंतर कुलसचिवांना एक पानाचे पत्र गेले. त्यात अधिकाऱ्याच्या नावाऐवजी फक्त पदाचा उल्लेख होता, तीन महिन्यांचा तक्ता होता, पर्यायी चेकर नेमण्याची एकच विनंती होती आणि खाली अकरा सह्या होत्या. आठवड्याभरात नेमणूक झाली. त्या पत्रात दोष दिलेला नव्हता, म्हणून कोणाला बचाव करावा लागला नाही. माझ्या मते पत्राचे यश त्यातच होते.

यावरून घ्यायची कृती अशी: दर महिन्याच्या ठरावीक तारखेला पोर्टल उघडून पाहावे, प्रलंबित दिसले तर त्याच दिवशी पानाची प्रत काढावी आणि दुसरा महिना लागण्याआधी लेखी कळवावे. राज्यातील संस्थांच्या अधिछात्रवृत्तीत सहामाही प्रगती अहवाल, हजेरी आणि खर्चाची कागदपत्रे यांवर रक्कम अवलंबून असते, त्यामुळे मार्गदर्शक परगावी जाणार असतील तर सही आधीच घेऊन ठेवावी.

सहावी पायरी: मार्गदर्शकाशी मतभेद झाले तर

हा सर्वांत नाजूक भाग आहे आणि त्याचे उत्तर बहुधा संशोधन सल्लागार समितीत असते. 2022 च्या विनियमांप्रमाणे विद्यार्थ्याने प्रत्येक सत्रात या समितीसमोर कामाचे सादरीकरण करायचे असते आणि समितीच्या शिफारशींची प्रत विद्यार्थ्यालाही मिळायला हवी. प्रगती असमाधानकारक वाटली तर समितीने त्याची कारणे नोंदवून सुधारणेचे उपाय सुचवायचे असतात. कारण न देता नोंदणी रद्द करण्याची शिफारस तिला करता येत नाही. अनेक विभागांत ही बैठक चहापुरती होते आणि सह्या नंतर गोळा केल्या जातात. अशा वेळी तुम्ही नम्रपणे आग्रह धरावा की सादरीकरण व्हावे आणि इतिवृत्त मिळावे. “काम काहीच झालेले नाही” असे चौथ्या वर्षी कोणी म्हणाले, तर सात सत्रांची सात इतिवृत्ते तुमच्या वतीने बोलतात.

मतभेद वाढू लागल्यास प्रत्येक चर्चेनंतर त्याच संध्याकाळी मार्गदर्शकांना दोन-चार ओळींचा ईमेल करावा: “सर, आज ठरल्याप्रमाणे तिसऱ्या प्रकरणाची सारणी बदलून पुढील पंधरवड्यात देतो.” हा मजकूर भांडणाचा नाही, उलट शिष्टाचाराचा आहे, आणि तरीही तो नोंद ठरतो. मार्गदर्शक बदलण्याची वेळ आलीच तर आधी विभागप्रमुखांशी तोंडी बोलावे, नवे मार्गदर्शक तयार आहेत का ते पाहावे आणि मगच अर्ज करावा, कारण प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार इतकेच विद्यार्थी असू शकतात व ज्येष्ठ मार्गदर्शकांकडील जागा बहुधा भरलेल्या असतात. अर्जात कारण म्हणून विषयातील बदल किंवा कामाची पद्धत यांवर भर द्यावा. छळ, भेदभाव किंवा पैशांची मागणी झाली असेल तर मात्र ते बदलाच्या अर्जात दडवू नये. त्याची वेगळी तक्रार करावी.

सातवी पायरी: औपचारिक तक्रार

शिष्यवृत्तीचा विलंब, निकालातील दिरंगाई, मूळ कागदपत्रे अडवून ठेवणे, शुल्क परत न करणे, जातीवरून किंवा अपंगत्वावरून भेदभाव असे विषय तक्रार निवारण समितीकडे जातात. तक्रार संस्थेच्या पोर्टलवर करावी आणि तिच्या पावतीची प्रत ठेवावी. समितीने तक्रार मिळाल्यापासून कामाच्या 15 दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि त्याची प्रत तक्रारदाराला द्यायची असते. समाधान झाले नाही तर निर्णय मिळाल्यापासून 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येते. लोकपाल हे निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश असतात आणि त्यांनी 30 दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करायचा असतो. उत्तरपत्रिका पुन्हा तपासून गुण वाढवावेत, एवढ्याच मागणीसाठी तेथे जाऊ नये. निकालावर परिणाम करणारी ठोस अनियमितता दाखवता आली तरच असे प्रकरण ऐकले जाते.

लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे घटनेपासून तीन महिन्यांत लेखी करायची असते. सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने मिळतात आणि चौकशी 90 दिवसांत पूर्ण व्हायला हवी. चौकशी चालू असताना आरोप असलेल्या व्यक्तीला तक्रारदाराच्या कामाचे मूल्यमापन करण्यापासून दूर ठेवण्याची शिफारस समिती करू शकते. आरोप मार्गदर्शकावर असेल तेव्हा या तरतुदीला किती महत्त्व आहे, हे वेगळे सांगायला नको. तक्रार सिद्ध करता आली नाही, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. रॅगिंगसाठी 1800-180-5522 हा राष्ट्रीय क्रमांक आहे.

कोणतेच उत्तर येत नसेल तर माहितीचा अधिकार आहे. महाराष्ट्रातील नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत असावा, शुल्क 10 रुपये आणि उत्तराची मुदत 30 दिवस. “माझ्यावर अन्याय का झाला?” असे विचारू नये, त्याला उत्तर नसते. “दिनांक अमुकच्या आवक क्रमांक तमुक अर्जावरील टिपणीची प्रत द्यावी” असे विचारावे. पहिल्या पायरीतला आवक क्रमांक इथे कामाला येतो.

आठवी पायरी: मन आणि शरीर

संशोधनातला एकटेपणा आळसासारखा दिसतो, म्हणून तो ओळखायला उशीर होतो. सलग दोन-तीन आठवडे प्रयोगशाळेत न येणाऱ्या सहकाऱ्याच्या खोलीवर जाऊन यावे. फोन उचलला नाही म्हणून थांबू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक निःशुल्क असून त्यावर मराठीत बोलता येते. 100 किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये सांगितले आहे. समुपदेशक आठवड्यातून कोणत्या दिवशी, कोणत्या खोलीत बसतात, हे गटाने विचारून घ्यावे आणि ते विभागाच्या सूचनाफलकावर लावावे. खोली विभागप्रमुखांच्या दालनाला लागून असेल तर जागा बदलून मागावी, कारण त्या दारातून कोणी आत जाणार नाही.

प्रतिनिधीचे वर्ष संपले की पत्रांच्या प्रती, पोचपावत्या, इतिवृत्ते आणि कोणत्या कार्यालयात कोणते काम कोणत्या टेबलावर होते याची एक पानभर टीप पुढच्या प्रतिनिधीच्या हाती द्यावी. ही सुपूर्तताही तारीख घालून, त्याची सही घेऊनच करावी.